रस्त्याकडेचे झाड धूर किती सोसते?

उन्हाळ्यात एस.टी. स्टँडबाहेर आलेला प्रवासी आधी सावली शोधतो. रसवंतीची गाडी, चपला शिवणारा कारागीर, रिक्षावाले, पेपरविक्रेता अशी सगळी मंडळी रस्त्याकडेच्या एखाद्या कडुनिंबाच्या किंवा वडाच्या आसऱ्याने दिवस काढतात. त्या झाडाच्या पानांकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. एप्रिल-मे महिन्यात पाहिले, तर धुळीच्या थराखालचा हिरवा रंग शोधावा लागतो.

‘एवढा धूर खाऊनही झाड उभे आहे, मग माणसाला कसली भीती?’ असे काहींना वाटते. ‘झाडे लावली की हवा आपोआप शुद्ध होते’ असे दुसरे काही जण म्हणतात. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. झाड धूर सोसते म्हणजे नेमके काय, ते कसे मोजतात आणि त्याचा आपल्या फुप्फुसांना किती उपयोग होतो, हे आजच्या लेखात पाहू.

धुरात असते तरी काय?

वाहनांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, अर्धवट जळालेल्या इंधनाच्या वाफा आणि काजळीचे कण असतात. त्यात रस्त्यावरून उडणारी धूळ आणि ब्रेक व टायर झिजून सुटणारे कण मिसळतात. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडले की त्यातून ओझोन तयार होतो. उंच आकाशातला ओझोन आपले रक्षण करतो, पण जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसे आणि पाने दोघांनाही जाळतो.

कणांचा आकार महत्त्वाचा असतो. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातून पुढे श्वासनलिकेत उतरतात. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. दमा, जुनाट खोकला, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी या बारीक कणांचा संबंध सिद्ध झालेला आहे. भारतातील मानकानुसार २४ तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत असे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा तर केवळ १५ मायक्रोग्रॅम आहे.

गेल्या तीस वर्षांत धुराचे स्वरूप बदलले आहे, हेही ध्यानात घ्यावे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग इतके असे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकात ते १० भागांवर आले. गंधकाचा आणि शिशाचा त्रास त्यामुळे पुष्कळ घटला. मात्र वाहनांची संख्या वाढतच गेली. आज झाडाला आणि माणसाला मुख्यतः त्रास होतो तो धूळ, काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ओझोन यांचा.

पानाचा श्वास

पानाच्या, विशेषतः त्याच्या खालच्या, पृष्ठभागावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड याच दारांनी आत येतो. दार उघडले की त्याच्याबरोबर विषारी वायूही आत शिरतात. पानातील ओलाव्यात ते विरघळतात, आम्ल तयार होते आणि पेशी सडविणारे उग्र घटक निर्माण होतात. त्याचा पहिला फटका हरितद्रव्याला बसतो.

हा बदल आपल्या स्वयंपाकघरातही घडतो. अळूच्या भाजीत चिंच घालून ती शिजवली की पानांचा हिरवागार रंग मळकट तपकिरी होतो. आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते, म्हणून असे होते. आम्लधर्मी वायूंच्या माऱ्यात झाडाच्या पानातही हेच, पण हळूहळू घडते. पाने वेळेआधी पिवळी पडतात, आकाराने लहान राहतात आणि लवकर गळतात.

धुळीचा त्रास निराळा असतो. धुळीचा थर सूर्यप्रकाश अडवतो, पर्णरंध्रे बुजवतो आणि पान तापवतो. आपल्याकडे पावसाळा संपला की पुढचा चांगला पाऊस जूनमध्येच. मध्येच एखादा वळीव आला तर आला, एरवी सात-आठ महिने पाने धुतली जात नाहीत. वर्षभर थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या देशांतील झाडांची यादी आपल्या गावाला जशीच्या तशी लागू पडत नाही, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

सहनशीलतेचे गुणपत्रक

कोणते झाड किती सोसते हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. एस. के. सिंग आणि डी. एन. राव या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८३ साली त्यासाठी एक सोपे सूत्र मांडले. त्याला वायुप्रदूषण सहनशीलता निर्देशांक म्हणतात. ताज्या पानात चार गोष्टी मोजायच्या:

१) ‘क’ जीवनसत्त्व : पानात शिरलेल्या उग्र घटकांशी सामना करून ते त्यांना निकामी करते.
२) हरितद्रव्य : ते जितके टिकून असेल, तितके झाडाचे अन्न तयार करण्याचे काम चालू राहते.
३) पानाच्या रसाचा सामू : रस आम्लाकडे फार झुकला असेल, तर ‘क’ जीवनसत्त्वाचे कामही मंदावते.
४) पानातील पाण्याचे प्रमाण : पाणी भरपूर असेल, तर पेशी ताण सहन करतात.

हरितद्रव्य आणि सामू यांच्या बेरजेला ‘क’ जीवनसत्त्वाने गुणायचे, त्यात पाण्याची टक्केवारी मिळवायची आणि आलेल्या संख्येला १० ने भागायचे.

उदाहरण घेऊ. समजा, एका झाडाच्या १ ग्रॅम पानात ६ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आणि २ मिलिग्रॅम हरितद्रव्य आहे, सामू ६.५ आहे आणि पाणी ७५ टक्के आहे. २ आणि ६.५ मिळून ८.५, गुणिले ६ म्हणजे ५१. त्यात ७५ मिळवले की १२६. भागिले १० म्हणजे निर्देशांक १२.६. दुसऱ्या झाडात ‘क’ जीवनसत्त्व फक्त २, हरितद्रव्य १.५, सामू ५.५ आणि पाणी ६५ टक्के असेल, तर निर्देशांक येईल ७.९. पहिले झाड जास्त सोशिक, दुसरे नाजूक.

या हिशेबात ‘क’ जीवनसत्त्व गुणकाच्या जागी आहे, यावरून त्याचे महत्त्व कळेल. आपल्या फुप्फुसांच्या आतील ओलसर अस्तरातही हेच जीवनसत्त्व पहारेकऱ्याचे काम करते. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला आहारात असावा तो यासाठीही. मात्र गोळ्या खाऊन धुरात बसले तरी चालेल, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पहारेकरी कितीही चांगला असला, तरी रोज दरोडा पडू लागला की तो थकतोच.

या गुणपत्रकाचा अर्थ लावताना एक पथ्य पाळावे. एकाच जातीच्या झाडाचे गुण ऋतूनुसार, मातीनुसार आणि पाण्यानुसार बदलतात. हिवाळ्यात एका शहरात मोजलेला आकडा उन्हाळ्यात दुसऱ्या शहरात मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहणे चुकीचे ठरेल. तुलना करायची ती एकाच गावातल्या, एकाच रस्त्यावरच्या आणि एकाच दिवशी तोडलेल्या पानांची.

कोणती झाडे बरी?

आपल्या देशात झालेल्या अनेक अभ्यासांत वड, पिंपळ आणि आंबा यांचे गुण सहसा वरच्या बाजूला दिसतात. कडुनिंब आणि करंज ही झाडेही कमी पाण्यात, धुळीत आणि निकस जमिनीत तग धरणारी म्हणून ओळखली जातात. पण केवळ निर्देशांक पाहून झाड निवडू नये. घेराचा आकार, पानांची दाटी, पान किती काळ झाडावर राहते आणि लोकांना त्या झाडाचा उपयोग काय, हेही पाहावे लागते.

पानांचा पोत बघा. खरखरीत, लवदार किंवा ठळक शिरांच्या पानांवर धूळ जास्त अडकते. गुळगुळीत, तुकतुकीत पानांवरून ती वाऱ्याने घसरते आणि पावसाने चटकन धुऊन जाते. धूळ धरण्यात पहिले पान सरस, स्वतः निरोगी राहण्यात दुसरे. म्हणून रस्त्याकडेला एकाच जातीची रांग लावण्यापेक्षा दोन्ही प्रकारची झाडे मिसळून लावणे शहाणपणाचे.

धूळ सर्वांत जास्त असते तेव्हा झाडावर पाने असतात का, हेही विचारायला हवे. सागाचे पान मोठे आणि खरखरीत असते, पण ऐन उन्हाळ्यात साग उघडाबोडका होतो. गुलमोहराची पानेही उन्हाळ्याच्या तोंडाला गळतात, शिवाय वादळात त्याच्या फांद्या लवकर मोडतात. कडुनिंब आणि करंज जुनी पाने टाकतात खरे, पण लगेच नवी पालवी धरतात. पिंपळही धुळीने माखलेली पाने टाकून नवी कोवळी पाने घेतो. आंबा आणि जांभूळ तर बाराही महिने हिरवे असतात.

जागेचाही विचार हवा. वड, पिंपळ, उंबर यांना मोकळी जागा लागते. घराच्या भिंतीला किंवा गटाराला खेटून ते लावू नयेत. विजेच्या तारांखाली कांचन, बहावा, ताम्हण अशी बेताच्या उंचीची झाडे लावावीत. नाही तर दर वर्षी झाडाचा शेंडा छाटला जातो आणि मोजकीच पाने उरतात.

सोसणे वेगळे, गाळणे वेगळे

आता मूळ मुद्द्याकडे वळू. निर्देशांक आपल्याला एवढेच सांगतो की झाड स्वतः किती तग धरेल. ते आपल्यासाठी हवा किती गाळेल, हे त्यातून कळत नाही. झाड हिरवे दिसते म्हणून तिथली हवा चांगली, असे समजणे तर धोक्याचेच.

हवेचा खरा पारखी वेगळाच आहे. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल ही शेवाळ आणि बुरशी यांच्या जोडीने बनलेली सजीव रचना आहे. तिला मुळे नसतात आणि पानावर असते तसे मेणाचे कवचही नसते. पाणी आणि क्षार ती थेट पावसातून आणि हवेतून घेते. त्यामुळे विषारी वायूंचा, विशेषतः गंधकाच्या धुराचा, तिच्यावर लगेच परिणाम होतो. स्वच्छ हवेच्या डोंगराळ भागात खोडांवर तिचे चट्टे आणि झालरी दिसतात. गजबजलेल्या रस्त्यांवर सोशिक झाडाचे खोड शिल्लक राहते, पण त्यावरच्या नाजूक जाती नाहीशा होतात.

झाडे हवेतील कण पानांवर धरून ठेवतात आणि काही वायू शोषतात, हे खरे आहे. पण अमेरिकेतील शहरांच्या पाहणीत झाडांमुळे एकूण हवेतील प्रदूषण सरासरीने सुमारे १ टक्का किंवा त्याहूनही कमी घटते, असे आढळले. आकडा लहान वाटेल. मात्र झाडांची सावली, गारवा आणि रस्ता व घर यांच्यामधला आडोसा यांचा लाभ या आकड्यात धरलेला नाही.

आडोशाचा फायदा मिळायला रचना नीट हवी. शाळा किंवा दवाखाना आणि रस्ता यांच्यामध्ये जमिनीपासून वरपर्यंत दाट अशी हिरवी भिंत असेल, तर तिच्या आडची हवा बरी राहते. नुसती उंच खोडे आणि वर छत्री असेल, तर धूर खालून सरळ आत येतो. म्हणून मोठ्या झाडांच्या रांगेखाली मेंदी, अडुळसा यांसारख्या झुडपांचे दाट कुंपण हवे.

अरुंद बाजारपेठेत नेमके याच्या उलट घडते. दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली इमारती आणि वर झाडांचे गच्च छत असेल, तर खालचा धूर वर जाऊ शकत नाही आणि तिथेच कोंडतो. अशा गल्लीत विरळ आणि लहान घेराची झाडे लावावीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाहने कमी करावीत.

पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो का?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पान प्राणवायू तयार करते ते सूर्यप्रकाशात. रात्री प्रकाश नसल्यामुळे पिंपळही प्राणवायू तयार करीत नाही. इतर झाडांप्रमाणे तोही रात्री श्वसनासाठी प्राणवायू वापरतो. तसेही हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि रहदारीच्या रस्त्यावर तो कमी पडत नाही. तिथे छातीला त्रास होतो तो कण आणि विषारी वायू यांच्यामुळे. पिंपळाची थोरवी त्याच्या पर्णसंभारात, सावलीत आणि सोशिकपणात आहे. तेवढी पुरे आहे.

सोशिक, पण शेजाऱ्याला त्रासदायक

काही झाडे धुरात छान वाढतात, पण माणसाला त्रास देतात. सप्तपर्णी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते तेव्हा तिच्या उग्र वासाने दम्याच्या आणि डोकेदुखीच्या रुग्णांची तक्रार वाढते. दवाखाना आणि शाळा यांच्याजवळ तिची रांग लावू नये. वेड्या बाभळीच्या परागकणांनी अनेकांना ॲलर्जी होते. झटपट वाढणारे परदेशी कोनोकार्पस अनेक शहरांत लावले गेले. आरोग्य आणि पर्यावरण यांवरील परिणामांचे कारण देऊन गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. महामार्गाच्या दुभाजकांवर दिसणारी कण्हेर धूर उत्तम सोसते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. मुलांच्या खेळण्याच्या जागी ती नको.

दोष धुराचा की सिमेंटचा?

रस्त्याकडेचे झाड वाळले की आपण धुराला दोष देतो. पुष्कळदा दोषी असते ते बुंध्याला खेटून ओतलेले काँक्रीट. मुळांना हवा आणि पाणी मिळाले नाही, तर पानातील पाणी घटते. निर्देशांकातला चौथा घटक असा आपणच कमी करतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांबाबत आदेश देताना बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्या गावीही हे माप पाळण्यासारखे आहे.

खोडात ठोकलेले खिळे, जाहिरातींच्या तारा, बुंध्याशी ओतलेले कढईचे तेल आणि पेटवलेला पालापाचोळा यांनीही झाड खंगते. पालापाचोळा जाळण्यात दुहेरी नुकसान आहे. झाडाची साल भाजते आणि पानांनी महिनोन्‌महिने धरून ठेवलेली धूळ व काजळी पुन्हा आपल्या नाकात येते. तो पाला खड्ड्यात घालून खत करावे.

जुने झाड तोडून रोपे लावली की हिशेब मिटला, असे समजू नये. धूळ धरते ती पानांच्या क्षेत्रफळावर, आणि मोठ्या वडाइतके पर्णक्षेत्र व्हायला रोपांना एक पिढी लागते. महाराष्ट्राच्या नागरी भागातील वृक्ष संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. आपल्या रस्त्यावर अशी झाडे किती, याची नोंद नगरपालिकेकडे आहे का, हे नागरिकांनी विचारावे.

रस्त्याकडेचा पाला खावा का?

गुढीपाडव्याचा कडुनिंब, खोकल्यासाठीचा अडुळसा, भाजीसाठीचा शेवगा हा पाला रहदारीच्या रस्त्यावरून तोडू नये. आतल्या गल्लीतील किंवा शेतातील झाडाचा घ्यावा आणि दोन-तीन पाण्यांनी धुवावा. शिसेयुक्त पेट्रोल बंद होऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली, पण शिसे कुजत नाही. जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत ते अजूनही असू शकते. जांभळे आणि चिंचा उचलून तशाच तोंडात टाकण्याची सवय मुलांना लागू देऊ नये.

मुलांसाठी सोपा प्रयोग

शाळेत किंवा घरी हा प्रयोग जरूर करावा. महामार्गालगतच्या कडुनिंबाची दहा-बारा पर्णिका आणि दोनशे मीटर आतल्या कडुनिंबाच्या तेवढ्याच आकाराच्या, तेवढ्याच उंचीवरच्या पर्णिका घ्याव्यात. दोन पांढरी फडकी ओली करून दोन्ही गट वेगवेगळे पुसावेत आणि फडकी शेजारी ठेवून पाहावीत. धुळीचा रंग मातकट आहे की काळपट, तेही पाहावे. मातकट रंग म्हणजे मुख्यतः रस्त्याची धूळ, काळपट आणि तेलकट म्हणजे काजळी. दर महिन्याला एकदा असे केले, तर आपल्या रस्त्याची कहाणी फडक्यांवर उमटेल.

लक्षात ठेवा

१) झाड हिरवे आहे म्हणजे हवा शुद्ध आहे, असे नव्हे.
२) पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपे लावावीत आणि पुढचे तीन उन्हाळे त्यांना पाणी द्यावे. कोवळ्या रोपांची पाने आठवड्यातून एकदा पाण्याने धुवावीत.
३) बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी.
४) सकाळचा फेरफटका मोठ्या रस्त्याने न मारता आतल्या रस्त्याने मारावा. हिवाळ्यातील पहाटे धूर जमिनीलगत साचतो, म्हणून दम्याच्या रुग्णांनी ऊन वर आल्यावर निघावे.
५) शाळेच्या फाटकाशी आणि रेल्वे फाटकाशी इंजिन बंद करावे. वाहनाची धूर तपासणी नुसत्या कागदापुरती करू नये.
६) साध्या रुमालाने जाडी धूळ अडते, बारीक कण अडत नाहीत. दिवसभर रस्त्यावर काम करणाऱ्यांनी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा.
७) पंधरा दिवसांहून अधिक काळ खोकला राहिल्यास ‘धुळीचा असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नये. डॉक्टरांना दाखवून थुंकीची तपासणी करून घ्यावी.

झाडाला धूर सोसण्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्याला जागा सोडून जाता येत नाही. त्याच्या सावलीत दिवसभर बसणारा रसवंतीवाला आणि चर्मकार यांचीही स्थिती फार वेगळी नाही. झाडाकडून सावली आणि आडोसा अवश्य घ्यावा, पण धूर कमी करण्याचे काम वाहने चालवणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.